दोन्ही चंचल : धनुर्धराचा नेम आणि उत्तनचा किनारा

उत्तनचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. दिवस कलू लागला म्हणजे पाण्यावरून उसळणारे ऊन पाहणाऱ्याच्या डोळ्यांत शिरते, आणि किनाऱ्याकडे येणारी होडी केवळ काळ्या ठिपक्यासारखी भासते. ती किती दूर आहे, कोणत्या बाजूस वळते आहे, हे ठरविणे अवघड होऊन बसते. मासेमारी करणाऱ्या कोळ्यास ही अडचण नित्याचीच होय. परंतु ज्या काळी या किनाऱ्यावर धनुष्यबाणाने युद्धे होत, त्या काळी तिच्यावर योद्ध्याचा प्राण अवलंबून असे.

प्राचीन शास्त्रकारांस ही गोष्ट ठाऊक होती. वसिष्ठाच्या नावाने चालत आलेल्या धनुर्वेदसंहितेत असा दंडक आहे, की सकाळच्या अभ्यासाचे लक्ष्य पश्चिमेस मांडावे व दुपारनंतरचे पूर्वेस. सूर्य पाठीशी राहावा, एवढाच त्यातील हेतू. मात्र अभ्यासभूमीवर लक्ष्य हवे तिकडे मांडता येते. रणभूमीवर शत्रू येईल तीच दिशा पत्करावी लागते. दुपारनंतर समुद्रावरून चालून येणाऱ्याच्या पाठीशी सूर्य असतो, आणि किनाऱ्यावरील रक्षकाच्या तो डोळ्यांवर असतो.

नेम धरणे म्हणजे नेमके काय करणे? बंदुकीला माशी असते. ती लक्ष्याशी जुळविली की काम भागते. साध्या धनुष्याला असे काहीच साधन नाही. सेकंदास दीडशे फूट वेगाने सुटलेला बाण दीडशे फुटांवरील लक्ष्यापर्यंत पोहोचण्यास एक सेकंद घेतो, आणि तेवढ्या अवधीत पृथ्वीचे आकर्षण त्यास सुमारे १६ फूट खाली ओढते. म्हणजे बाण ज्या रेषेत रोखावयाचा ती रेषा लक्ष्याच्या बरीच वरून गेली पाहिजे. किती वरून, हे ठरविण्याच्या दोन रीती जगभर आढळतात. एका रीतीत धनुर्धर बाणाचे टोक हेच माशीसारखे वापरतो व अंतराच्या मानाने ते लक्ष्याच्या वर किंवा खाली धरतो. दुसऱ्या रीतीत तो बाणाकडे पाहतच नाही. दृष्टी केवळ लक्ष्यावर खिळलेली असते आणि उंचसखलपणाचा हिशेब सवयीने तयार झालेला हात करतो. महाभारतातील द्रोणाचार्यांच्या परीक्षेत झाड, फांदी व गुरुबंधू यांपैकी काहीही न पाहता अर्जुन केवळ पक्ष्याचे मस्तक पाहतो, ती कथा या दुसऱ्या रीतीचेच वर्णन होय.

पहिल्या रीतीला आधुनिक काळात पद्धतशीर रूप दिले ते इंग्लंडच्या होरेस फोर्ड याने. १८५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने प्रत्यंचा कानापर्यंत ओढण्याची जुनी चाल टाकून दिली आणि बाण नेम धरणाऱ्या डोळ्याच्या बरोबर खाली आणावा, असे प्रतिपादिले. कारण हात कानाशी गेला की बाण डोळ्याच्या रेषेतून बाजूला सरकतो. स्थिर लक्ष्य आणि मोजलेले अंतर असेल तेथे फोर्डचे म्हणणे बिनतोड आहे.

परंतु आपल्या संहितेने ओढीचे एकच ठिकाण सांगितलेले नाही. पाच सांगितली आहेत. केसांच्या मुळाशी ओढ आली तर ती कैशिक, बाणाच्या शृंगाशी ती सात्त्विक, कानाशी ती वत्सकर्ण, मानेशी ती भरत आणि खांद्याशी ती स्कंध. खाली असलेल्या लक्ष्यास सात्त्विक, दृढ वस्तू भेदण्यास भरत, दूरच्या लक्ष्यास स्कंध, अशी त्यांची वाटणीही दिली आहे. प्रत्यंचेवर बाण जोडण्याचे प्रकारही तीन : अधः, सम व ऊर्ध्व. त्यांपैकी अधःसंधान दूर पल्ल्यासाठी. बाणाचे मागचे टोक प्रत्यंचेवर थोडे खाली बसविले की पुढचे टोक आपोआप वर उचलले जाते, हे ध्यानी घेतले म्हणजे या नियमाची संगती लागते. तात्पर्य, अंतराचा हिशेब डोळ्यावर न सोपविता तो हाताच्या व प्रत्यंचेच्या ठरीव स्थानांत साठवून ठेवावयाचा, अशी ही योजना आहे.

मराठी भाषेनेही या विद्येची एक खूण जपून ठेविली आहे. आज ‘शिस्त’ म्हणजे वळण, नियमितपणा. परंतु या शब्दाचा जुना अर्थ नेम असा आहे. तो फारसीतून आला, आणि तेथे त्याच शब्दाने अंगठा व तिरंदाजाने अंगठ्यात घालावयाची अंगठी यांचाही बोध होतो. अंगठीपासून नेमापर्यंत आणि नेमापासून वळणापर्यंत झालेला हा अर्थाचा प्रवास सार्थ आहे. संहिता तर रोज ४०० बाण सोडणाऱ्यास श्रेष्ठ, ३०० सोडणाऱ्यास मध्यम आणि २०० सोडणाऱ्यास कनिष्ठ धनुर्धर म्हणते.

एवढ्या परिश्रमाची आवश्यकता कशासाठी, याचे उत्तर त्याच ग्रंथातील लक्ष्यविचारात सापडते. लक्ष्ये चार प्रकारची. धनुर्धर व लक्ष्य दोन्ही स्थिर, ते स्थिर. धनुर्धर स्थिर आणि लक्ष्य हलते, ते चल. धनुर्धर हलतो आणि लक्ष्य स्थिर, ते चलाचल. दोन्ही हलतात, ते द्वयचल; आणि हे सर्वांत कठीण. घोड्यावरून घोडेस्वाराचा वेध हे त्याचे सहज सुचणारे उदाहरण. पण त्याहूनही अवघड उदाहरण उत्तनच्या दक्षिणेस, गोराईच्या खाडीपलीकडे, बोरिवलीजवळच्या एकसर गावी दगडात कोरलेले आहे.

एकसरचे सहा वीरगळ काळ्या दगडाचे असून त्यांतील मोठे सुमारे दहा फूट उंचीचे आहेत. एकावर तलवारधारी घोडेस्वारांशी झुंजताना पडलेला धनुर्धर दिसतो. दुसरीकडे डोलकाठ्या उभारलेली, एका बाजूस नऊ वल्ह्यांची रांग असलेली गलबते युद्धास निघालेली आहेत. देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा अखेरचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात सन १२६५च्या सुमारास झालेल्या आरमारी युद्धाशी या शिल्पांचा संबंध अनेक संशोधक जोडतात. त्या युद्धात सोमेश्वर समुद्रात बुडाला. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याने सागरातील वडवानल पत्करला, अशा अर्थाचे वर्णन यादवांचा मंत्री हेमाद्री याने केले आहे.

अशा गलबतावर उभ्या असलेल्या धनुर्धराची अवस्था कल्पून पाहावी. बाणाचा कोन एका अंशाने चुकला तर दीडशे फुटांवर तो अडीच फुटांहून अधिक चुकतो, आणि लाटेवरचे गलबत एक अंश नव्हे, अनेक अंश डोलते. शत्रूचे गलबत सेकंदास सहा फूट सरकत असेल, तर बाण पोहोचेपर्यंत ते तितकेच पुढे गेलेले असते. येथे बाणाचे टोक कोठे धरावे, याचा विचार करण्यास सवड नाही. दृष्टी शत्रूवर ठेवावी, डोलणे ज्या क्षणी थांबून उलटते तो क्षण पायांनी ओळखावा आणि सवयीच्या ओढीवर विश्वासून बाण सोडावा. एवढेच हाती उरते. फोर्डची रीत हिरवळीवर श्रेष्ठ ठरली, तरी समुद्रावर जुनी रीतच अधिक उपयोगी पडावी, हे उघड आहे.

पुढे या किनाऱ्यावर तोफा आल्या. सन १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. आणि चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, उत्तन ज्या धारावी बेटावर वसले आहे त्या बेटासाठी झगडा झाला, तो वसईच्या खाडीचे तोंड तेथील तोफांच्या माऱ्यात येत असे म्हणूनच. मे १७३९मध्ये वसई पडली. तोवर युद्धाचा निकाल धनुष्याच्या हातून गेलेला होता. तीरकामठा उरला तो ठाणे जिल्ह्यातील वारली आदी वनवासी लोकांच्या शिकारीत.

या विद्येची हानी दुहेरी झाली. ग्रंथाने रीत सांगितली, पण ती कोणी कोठे वापरली हे सांगितले नाही. दगडाने वीर सांगितला, पण त्याची रीत सांगितली नाही. दोन्ही एकत्र वाचल्यावाचून या किनाऱ्यावरील धनुर्धर पुरता कळत नाही. एकसरला जाणाऱ्या प्रेक्षकाने म्हणून त्या शिल्पांपुढे केवळ कोण जिंकले एवढेच विचारू नये. धनुर्धराचे पाय कसे रोवलेले आहेत, त्याचा हात छातीशी आहे की कानाशी, आणि त्याचे तोंड कोणत्या दिशेस आहे, हेही निरखून पाहावे.