अंगणातला वाढदिवस

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची आहे, प्रत्येकीने काही तरी लिहून द्यावे, असे संपादिकाबाईंनी सांगितले, तेव्हा मी म्हटले, "बाई, मी सातवी शिकलेली. पापड-लोणच्याच्या चार कृती विचाराल तर सांगेन. लेख कसला लिहू?" त्या म्हणाल्या, "सध्या मनात जे घोळते आहे तेच लिहा." मनात घोळत होता माझ्या नातीचा वाढदिवस. म्हणून वाढदिवसाचीच हकीकत लिहिते. थोडे वाचनालयातल्या पुस्तकांतून जमवले, थोडे जुन्या बायकांना विचारले, आणि थोडे आमच्या घरचे आहे.

नात जानेवारीत तीन वर्षांची झाली. त्याआधी सूनबाई म्हणाली, "आई, यंदा वाढदिवस बाहेर अंगणात करू आणि थीम ठेवू." थीम म्हणजे काय, असे मी विचारले. तिने समजावले की कपडे, सजावट, खाऊ, खेळ, सगळे एकाच कल्पनेचे ठेवायचे. कोणी जंगल करतात, कोणी समुद्र करतात. मी म्हटले, "अगं, मग हे आपल्याकडे होतेच की! बोरन्हाण म्हणजे दुसरे काय?" ती हसली. पण त्यावरून मला वाटले, की लेकरांचा वाढदिवस आपल्याकडे पूर्वी कसा होता आणि आजच्यासारखा कसा झाला, हे एकदा नीट पाहावे.

पूर्वी वाढदिवस तारखेचा नसे, तिथीचा असे. सन १७९० मध्ये पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी 'धर्मसिंधु' ग्रंथ पुरा केला. त्यात वाढदिवसाचा विधी सांगितला आहे आणि त्याला 'वर्धापन' असे नाव आहे. तीळ लावून स्नान करावे, मार्कंडेयाची आणि सात चिरंजीवांची पूजा करावी, षष्ठीदेवीला दहीभाताचा नैवेद्य दाखवावा, तीळ व गूळ घातलेले दूध प्यावे, असा तो विधी. त्या दिवशी नखे-केस कापू नयेत, मांसाहार करू नये, प्रवास करू नये आणि भांडण करू नये, असेही आहे. भांडणाचा नियम आजही पाळला तर किती बरे होईल! मार्कंडेय कशासाठी? तर तो अल्पायुषी असून मृत्यूच्या हातून सुटला. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम हे तर अमरच. म्हणजे या सगळ्या पूजेत मागणे एकच, की लेकरू जगू दे.

हे झाले पोथीतले. आपण बायकांनी आपले वेगळेच केले. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीचा कागद भिंतीला लावायचा, पुरणाचे दिवे करायचे आणि घरातल्या सगळ्या मुलांना एकदमच ओवाळायचे. जिवतीच्या चित्रात नरसिंह आहे, कालियावर नाचणारा कृष्ण आहे, बुध-बृहस्पती आहेत, आणि मधे जरा-जिवंतिका. त्यांच्या मांडीवर व भोवती मुलेच मुले. मूल परगावी असले तर आई चारी दिशांना अक्षता टाकते. माझी आई आम्हां भावंडांसाठी टाकी. आता मीही टाकते. कोणाची तिथी कोणती, हे त्या दिवशी कोणी विचारीत नाही.

भगिनींनो, या सगळ्यामागे भीती होती, हे आपण विसरत चाललो आहोत. १९११ ते १९१५ या वर्षांच्या सरकारी नोंदी सांगतात, की आपल्या देशात जन्मलेल्या हजार मुलांपैकी सुमारे दोनशे मुले पहिले वर्षही पुरे करीत नसत. पाचांत एक! तेव्हा एक वर्ष पुरे होणे हीच मोठी कमाई होती. २०२० सालच्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात हे प्रमाण हजारी १६ वर आले. लस, स्वच्छ पाणी, दवाखान्यातले बाळंतपण आणि आयांचे शिक्षण, यांचे हे पुण्य. पण आपल्याच भागात, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला १९९२ साली कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला लाज वाटली होती. ते गाव आपल्यापासून फार लांब नाही.

राजेरजवाड्यांच्या मुलांचे मात्र कौतुक वेगळे. अकबर बादशहाच्या दरबाराचे वर्णन 'आईन-ए-अकबरी'त आहे. बादशहाची तुला होई ती सोन्याची आणि इतर किमती जिनसांची. शाहजाद्यांची तुला दोन वर्षांचे झाल्यापासून सुरू होई. पहिल्यांदा एकाच वस्तूने, आणि मग दर वर्षी एकेक वस्तू वाढवीत जायची. लेकराला तराजूत बसवायचे हे वाचले आणि मला हसू आले. त्याचे कारण पुढे सांगते.

केक आणि मेणबत्त्यांची चाल युरोपातली. १७४६ साली झिंझेन्डॉर्फ नावाच्या एका जर्मन उमरावाच्या वाढदिवसाला त्याच्या वयाइतक्या मेणबत्त्या मोठ्या केकमध्ये लावल्याची नोंद आहे. आणि ते 'हॅपी बर्थडे' गाणे! त्याची चाल अमेरिकेतल्या लुईव्हिल गावच्या मिल्ड्रेड आणि पॅटी हिल या दोघी बहिणींची. पॅटीबाई बालवाडीच्या शिक्षिका. सकाळी मुलांचे स्वागत करायला त्यांनी हे गाणे केले आणि १८९३ साली ते पुस्तकात आले. तेव्हाचे शब्द वेगळे होते, वाढदिवसाचे शब्द मागाहून जोडले गेले. पुढे एक कंपनी त्या गाण्यावर हक्क सांगून पैसे घेत असे. २०१५ साली अमेरिकेतल्या कोर्टाने तो हक्क खरा नाही असे ठरवले, तेव्हा ते गाणे सर्वांचे झाले. बालवाडीच्या बाईंचे गाणे अखेर मुलांकडेच परत गेले, हे मला फार आवडले.

आपल्या तारापूरच्या जुन्या पारशी घरांची वाढदिवसाची रीत आणखी निराळी. तारापोर हे आडनावच आपल्या गावाचे. सकाळी उंबऱ्याशी चुन्याच्या पुडीने माशांची नक्षी काढायची, ज्याचा वाढदिवस त्याला कुंकवाचा टिळा लावून हार घालायचा, आणि शेवया व गोड दही खायचे. मासा हा शुभ. आम्हां किनाऱ्यावरच्या माणसांना हे वेगळे सांगायला नको.

१९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे बोईसरला कारखाने वाढले, आणि सगळ्या देशातली माणसे इथे राहायला आली. माझ्या लहानपणी मी पहिल्यांदा केक पाहिला तो अशाच एका वसाहतीतल्या बागेत. झाडांना फुगे बांधले होते आणि मुले कागदाच्या टोप्या घालून बसली होती. मी आईबरोबर रस्त्याने चालले होते. आईला विचारले, "माझा वाढदिवस कधी?" ती म्हणाली, "तू पावसात झालीस. मोठा वारा सुटला होता." शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिले. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसे किती आहेत ते मोजायला नको. गुरुजींच्या लेखणीने जन्मलेली आहेत ती सारी. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ चाच, पण खेडोपाडी नोंद पोचायला वेळ लागला. १ जूनला मला कोणी कधी ओवाळले नाही, आणि मलाही ती तारीख आपली वाटली नाही.

आता बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणत्याही दिवशी, पाच वर्षांच्या आतल्या मुलाला काळे झबले घालून, अंगावर हलव्याचे दागिने चढवून पाटावर बसवायचे. मुलगा असला तर मुकुट, बाजूबंद, बासरी, म्हणजे बाळकृष्णच. मुलगी असली तर बिंदी, हार, कमरपट्टा, तोडे. मग औक्षण करून डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा आणि चुरमुरे ओतायचे. करी नावाच्या राक्षसाची दृष्ट मुलांना लागू नये म्हणून हे करतात, असे सांगतात. मला वाटते, थंडीतले नवे फळ मुलांनी हसतखेळत खावे हाही हेतू असणार. हलवा करणे मात्र चेष्टा नव्हे. तीळ, खसखस किंवा साबुदाणा मंद आंचेवर हलवीत थेंब थेंब पाक सोडायचा, तेव्हा कुठे काटा येतो. ते काम थंडीतच साधते.

बोरन्हाणाची खरी गंमत लुटीत आहे. आळीतली सगळी मुले त्या खाऊवर तुटून पडतात. पाटावरचे मूल एक, आणि सण सगळ्यांचा. इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझ्या मुलाचे बोरन्हाण झाले तेव्हा मी नवीन सून होते. अंगण मुलांनी भरले होते. पाड्यावरची चार-पाच मुले कुंपणाबाहेर उभी होती. सासूबाईंनी मला ओंजळभर बोरे दिली आणि म्हणाल्या, "जा, त्यांना तिकडेच दे." मी गेले आणि कुंपणावरून त्यांच्या हातांत बोरे घातली. त्यातल्या एका मुलीने बोरे खाल्ली नाहीत. ती नुसती माझ्या मागे, पाटाकडे पाहत राहिली. सासूबाई मनाने वाईट नव्हत्या, त्या काळी तसेच करीत. पण फाटक माझ्या हाताशी होते, आणि मी ते उघडले नाही.

आपल्या जिल्ह्यात या कामी दोन बायका आपल्या कितीतरी पुढे गेल्या होत्या. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि त्यांच्या हाताखाली अनुताई वाघ आल्या. अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या. त्या काळी अशा बाईने कोपऱ्यात बसायचे. त्या शिकल्या आणि दुसऱ्यांच्या मुलांच्या झाल्या. पाड्यावरची मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा यांनी शाळाच पाड्यावर नेली. कोणाच्या तरी अंगणात, झाडाखाली मुले जमवायची, आधी अंघोळ घालायची, नखे कापायची, मग गाणी-गोष्टी. तीच अंगणवाडी. मुले गुरांमागे गेली तर त्यांच्यामागे कुरणात जायचे, ती कुरणशाळा. परदेशी महागडी खेळणी कशाला, म्हणून शिंपले, बिया, पाने, माती यांचीच खेळणी केली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. १९७५ साली सरकारने देशभर बालविकासाची योजना काढली, तेव्हा तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव दिले. आज साऱ्या देशात चालणारा हा शब्द आपल्या मातीतला आहे.

आता मला का हसू आले ते सांगते. आमच्या अंगणवाडीच्या ताई दर महिन्याला प्रत्येक मुलाला काट्यावर बसवून वजन करतात आणि कार्डावर टिंब मांडतात. शाहजाद्यांना वर्षातून एकदा तराजूत बसवीत. आमच्या पाड्यावरच्या पोरांना महिन्यातून एकदा! सोन्याने नाही, पण काळजीने.

सूनबाईने 'जंगल' ठरवले होते. मी म्हटले, जंगलच करायचे तर बोरन्हाणाचे करू, वाढदिवसही त्यातच येईल. तिने आनंदाने मानले. दारात नारळीच्या झावळ्या बांधल्या, ओट्यावर तांदळाच्या पिठाने झाडे आणि मोर काढले. दुपारी साडेचारला बोलावले, म्हणजे ऊन उतरलेले असते आणि डास सुरू झालेले नसतात. लहान मुलांच्या घशात अडकू नये म्हणून बोरांच्या बिया काढून फोडी केल्या, शेंगा आणि हलवा मोठ्या मुलांपुरताच वेगळा ठेवला, आणि छोट्यांच्या डोक्यावरून नुसते चुरमुरे ओतले. नव्या आयांनी एवढे अवश्य ध्यानात ठेवावे. केकही आणला, पण लहान. मेणबत्ती विझवली नाही, सूनबाईच म्हणाली, "आपण दिवा लावू."

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईची मुलगी माझ्या नातीच्याच वयाची. तिची तारीख अंगणवाडीच्या कार्डावर आहे, पण तिला कोणी कधी पाटावर बसवले नव्हते. तिच्या आईला तिची स्वतःची तारीख विचारली तर म्हणाली, "मी भातझोडणीत झाले, बाई." मी म्हटले, "मी वाऱ्यात झाले." दोघीही हसलो. मग सकाळीच फाटक उघडून दगड लावून ठेवले. संध्याकाळी अंगणात पाट एक होता तिथे दोन मांडले, आणि पाड्यावरची बाकीची मुले आळीतल्या मुलांबरोबर बसली. आळीतल्या एक-दोन घरच्यांना ते रुचले नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले. पण मुलांना चेहरे वाचता येत नाहीत. चुरमुरे पडले आणि सगळी एकत्रच तुटून पडली. रात्री झाडताना मुलगा म्हणाला, "आई, माझे बोरन्हाण असेच झाले होते का?" मी म्हटले, "नाही रे बाबा, तेव्हा फाटक बंद होते."

असो. पोथीत वाढदिवसाला वर्धापन म्हणतात, आणि आपण मंडळाच्या वाढदिवसालाही वर्धापनदिनच म्हणतो. मंडळापुढे माझी एक सूचना आहे. दर वर्षी रथसप्तमीच्या आधी मंडळाने एक सार्वजनिक बोरन्हाण करावे, अंगणवाडीच्या ताईंना विचारून पाच वर्षांच्या आतल्या सर्व मुलांना बोलवावे, तारीख कोणाचीही कोणती का असेना. घरटी एक शेर बोरे आणि मूठभर चुरमुरे जमले तरी पुष्कळ होईल. पाट मी देईन.