औषधजन्य जलप्रदूषण आणि गोड्या पाण्यातील मासे

माणसांच्या व जनावरांच्या औषधांचे अंश नदी-तलावांत उतरून माशांच्या अवयवांत, प्रजननात व वर्तनात होणारे बिघाड. मलमूत्र, फेकलेली औषधे, रुग्णालयांचे व औषधकारखान्यांचे सांडपाणी या वाटांनी हे अंश येतात. नेहमीच्या शुद्धीकरणात ते पूर्ण निघत नाहीत. औषध अल्प मात्रेत शरीरावर काम करावे म्हणूनच घडवलेले असते, आणि ते पेशींतल्या ज्या ग्राहींना चिकटून काम करते, त्यांपैकी माणसातले अनेक माशांतही असतात. त्यामुळे किती मासे मेले एवढेच मोजणारी चाचणी इथे फसवी ठरते.

याचा सर्वांत बोलका पुरावा कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या ‘लेक २६०’ या प्रायोगिक तलावातला. २००१ ते २००३ या तीन उन्हाळ्यांत कॅरेन किड व सहकाऱ्यांनी त्यात गर्भनिरोधक गोळीतील एथिनिलएस्ट्राडिओल हे संप्रेरक सोडले. प्रमाण लिटरमागे ५-६ नॅनोग्रॅम, म्हणजे सुमारे वीस कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम. फॅटहेड मिनो या बोटभर माशाच्या नरांत व्हायटेलोजेनिन तयार होऊ लागले. अंड्यातला बलक ज्यापासून बनतो ते हे प्रथिन एरवी मादीचे यकृत तयार करते. नरांच्या वृषणांची वाढ खुंटली, काहींच्या वृषणांत अंडपेशी दिसल्या. पिल्ले येईनाशी झाली आणि अल्पायुषी मिनो तलावातून जवळजवळ नाहीसा झाला. त्याच्यावर जगणारा लेक ट्राउटही रोडावला. संप्रेरक सोडणे थांबल्यावर काही वर्षांनी मिनो पुन्हा वाढला.

वेदनाशामक डायक्लोफेनॅकने इंद्रधनुषी ट्राउटच्या मूत्रपिंडाला व कल्ल्यांना इजा होते. प्रयोगात लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम पुरले. चिंताशामक ऑक्झाझेपाममुळे पर्च मासे अधिक धीट झाले व थवा सोडून वावरू लागले, असे २०१३ मध्ये स्वीडनमधील प्रयोगात दिसले. थवा हेच लहान माशाचे संरक्षण असते, म्हणून हा बदल किरकोळ मानता येत नाही.

भारतातले ठळक उदाहरण हैदराबादजवळील पाटणचेरूचे. सुमारे ९० औषधनिर्मात्यांचे सांडपाणी घेणाऱ्या तिथल्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके चढत नाही. हे ‘शुद्ध’ केलेले पाणी ५०० पट पातळ करून त्यात ट्राउट ठेवले, तरी त्यांच्या यकृतातील विषनिवारक विकराचे जनुक जोराने सक्रिय झाले.