दिनविशेष : १० सप्टेंबर
जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंचा शोध (१९१७)

जिवाणूंनाही विषाणूंची बाधा होते, हे सांगणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फेलिक्स देरेल यांचे टिपण १० सप्टेंबर १९१७ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत सादर झाले. आमांशाचे जिवाणू फस्त करणाऱ्या या विषाणूंना त्यांनी ‘बॅक्टेरियोफेज’ (थोडक्यात ‘फेज’) म्हटले. फेज जिवाणूच्या अंगावर चिकटतो, स्वतःचा जनुकीय ऐवज आत सोडतो, आत त्याची पिल्लावळ वाढते आणि शेवटी जिवाणू फुटतो.

या शोधाची चाहूल आपल्याकडेच लागली होती. गंगा-यमुनेचे पाणी कॉलऱ्याचे जंतू मारते, पण उकळले की तो गुण जातो, हे जिवाणुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६मध्ये नोंदवले होते. पुढे १९२०च्या दशकात देरेल भारतात आले, परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केले आणि पंजाबात कॉलऱ्यावर फेज वापरून पाहिले. प्रतिजैविके आल्यावर मात्र हे उपचार बहुतेक देशांत मागे पडले. जॉर्जियातील तिबिलिसीत ते टिकले.

आज औषधांना दाद न देणारे जिवाणू वाढत असताना फेजची पुन्हा आठवण होते आहे. २०१६मध्ये अमेरिकेत मरणाच्या दारातील टॉम पॅटरसन फेजमुळे वाचले. प्रत्येक फेज ठरावीक जिवाणूच मारतो, म्हणून रुग्णागणिक जुळणारा फेज शोधावा लागतो. आंबोलीत उगम पावणाऱ्या हिरण्यकेशीपासून शहरातल्या सांडपाण्यापर्यंत, जिथे जिवाणू तिथे फेज असतातच. हा खजिना अभ्यासायला हवा. तोवर डॉक्टरांच्या चिठ्ठीविना प्रतिजैविके घेऊ नयेत.