रसद तोडण्याची गोष्ट

किल्ला लढून सर होत नसेल तर त्याची रसद तोडावी, ही युक्ती मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. कर्करोगावर ती योजण्याचा विचार जुडा फोकमन या अमेरिकन शल्यविशारदाने १९७१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मांडला. त्याचे बीज दहा वर्षे आधीचे. नौदलात असताना कृत्रिम रक्ताच्या प्रयोगात त्यांनी सशाची अवटू ग्रंथी काचपात्रात जिवंत ठेवली आणि तीत कर्कपेशी रुजवल्या. गाठी एक-दोन मिलिमीटरपर्यंत वाढल्या नि थबकल्या. त्याच गाठी उंदरात घालताच फोफावल्या. फरक होता नव्या रक्तवाहिन्यांचा. गाठ आपल्यापुरत्या वाहिन्या उगववून घेते. त्या उगवू न देणे हाच उपचार, असे फोकमन म्हणू लागले. कित्येक वर्षे त्यांना फारसे कोणी मनावर घेतले नाही.

१९८९ साली नेपोलिओने फेरारा यांच्या गटाने वाहिन्या वाढवणारे 'व्हीईजीएफ' हे प्रथिन वेगळे केले. त्याला निकामी करणारे 'बेव्हॅसिझुमॅब' हे औषध २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत संमत झाले. मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा ही गाठ तर या प्रथिनाने ओथंबलेली. वेड्यावाकड्या वाहिन्यांचे जाळे ही सूक्ष्मदर्शकाखाली तिची ओळखच. रसद तोडायला याहून योग्य किल्ला कोणता? उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमासाठी मे २००९ मध्ये अमेरिकेत त्याला त्वरित संमती मिळाली. फोकमन ते पाहायला नव्हते. जानेवारी २००८ मध्ये ते वारले होते. युरोपीय नियामकांनी मात्र त्याच पुराव्यावर नकार दिला.

पुरावा होता प्रतिमांचा. एमआरआयमध्ये गाठ उजळ दिसते ती तिच्या गळक्या वाहिन्यांतून रंजकद्रव्य झिरपते म्हणून. औषधाने गळती थांबली की उजेड मावळतो, गाठ आहे तिथेच असली तरी. शास्त्रज्ञांनी याला 'आभासी प्रतिसाद' असे नाव दिले. संहितेऐवजी तिच्या मुखपृष्ठावरच निर्णय द्यावा, तसे काहीसे हे झाले होते.

फेब्रुवारी २०१४ मध्ये, पुन्हा त्याच नियतकालिकात, दोन मोठ्या चाचण्या एकदमच छापून आल्या. रुग्ण नव्याने निदान झालेले. एकीत गाठ आटोक्यात राहण्याचा काळ ६.२ महिन्यांवरून १०.६ वर गेला. आयुष्य मात्र औषधासह १६.८ महिने, औषधाविना १६.७. दुसरीतही आयुष्य वाढले नाही. गंमत (हा शब्द इथे क्रूर आहे, पण दुसरा सुचत नाही) अशी की जगण्याच्या प्रतीविषयी दोघींनी उलट साक्ष दिली. पहिली म्हणते, रुग्ण अधिक काळ बरे राहिले, स्टिरॉइड कमी लागले. दुसरी म्हणते, औषध घेणाऱ्यांची आकलनशक्ती अधिक ढासळली. एकाच अंकात दोन पाठ, आणि दोन्ही प्रामाणिक.

आयुष्य का वाढले नाही? एक कारण असे दिसते की या गाठीच्या पेशी मेंदूच्या मूळच्याच वाहिन्यांना बिलगून पुढे सरकू शकतात. रसद तुटली तरी चोरदिंडी उघडी होती. शिवाय मूळचे भारतीय असलेले राकेश जैन यांनी २००१ मध्येच वेगळे सुचवले होते: ही औषधे वाट मोडत नाहीत, काही काळ ती दुरुस्त करतात, आणि तेवढ्या काळात इतर औषधे आत पोचू शकतात. म्हणजे रूपकच उलटे धरले गेले होते. २०१७ च्या तिसऱ्या चाचणीतही आयुष्यात लक्षणीय फरक दिसला नाही. तरी त्या डिसेंबरात अमेरिकेत पूर्ण संमती मिळाली.

माझ्या मावसभावाला हे औषध मिळाले होते. महिन्याभराने काढलेली फिल्म त्याच्या वडिलांनी खिडकीशी धरली, तेव्हा पांढरा डाग निम्मा झाला होता. आम्ही पेढे वाटले नाहीत एवढेच. पाच महिन्यांनी तो गेला. पण मेंदूची सूज ओसरून स्टिरॉइड कमी झाले, त्याचा सुजलेला चेहरा पुन्हा त्याचा दिसू लागला, आणि सहा-एक आठवडे तो रोज सकाळी वर्तमानपत्र वाचत असे, मोठ्याने, अग्रलेखासकट. त्याचे वडील ऐकत बसत.