संगणकाच्या स्पीकरची घडण

आयबीएमने १९८१ साली पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याच्या पेटीत सव्वादोन इंचांचा एक स्पीकर होता. संगीतासाठी तो नव्हताच. यंत्र सुरू झाले की एक ‘बीप’ आणि बिघाड असला की ठरावीक खुणेच्या बीप, एवढेच त्याचे काम. त्याला मिळणारा विद्युत संकेत फक्त चालू किंवा बंद असे, म्हणून एका वेळी एकच सूर निघे आणि आवाज कमी-जास्त करण्याची सोय नसे.

उणीव स्पीकरच्या तंत्रात नव्हती. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९२५ साली मांडलेली रचना तेव्हा अर्धशतकाहून जुनी झाली होती. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे आणि त्याला चिकटवलेला कागदी शंकू, ही रचना आजही बहुतेक स्पीकरांत आहे. कमी होती ती संगणकाने स्पीकरला देण्याजोग्या संकेताची. कॅनडातल्या ॲडलिब कंपनीने १९८७ साली यामाहाची चिप वापरून एकाच वेळी नऊ सूर काढणारे कार्ड आणले. सिंगापूरमध्ये सिम वाँग हू यांच्या क्रिएटिव्ह कंपनीचे ‘साउंड ब्लास्टर’ १९८९ साली आले, आणि सुरांच्या जोडीला ध्वनिमुद्रित माणसाचा आवाजही ऐकू येऊ लागला.

१९९०नंतर सीडी-रॉम ड्राइव्ह, साउंड कार्ड आणि प्लॅस्टिकचे दोन स्पीकर एकाच खोक्यात ‘मल्टिमीडिया किट’ म्हणून विकले जाऊ लागले. स्पीकर हा त्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग होता. पातळ प्लॅस्टिकची पेटी आवाजाबरोबर स्वतःही थरथरते आणि गाण्यात आपला खडखडाट मिसळते. एका गोष्टीत मात्र हे स्पीकर घरच्या स्टिरिओपेक्षा पुढे होते. जुन्या काचेच्या मॉनिटरशेजारी साधा स्पीकर ठेवला, तर त्याच्या चुंबकामुळे पडद्यावर रंगांचे डाग पडत. ते टाळण्यासाठी मुख्य चुंबकामागे उलट्या दिशेचा दुसरा चुंबक लावून वर लोखंडी टोपी बसवली जाई.

आवाजाच्या प्रतीचा खरा प्रश्न बासचा होता. तीन इंचांचा शंकू खर्जाचे सूर वाजवण्याइतकी हवा हलवू शकत नाही. या प्रश्नाच्या उत्तराचे मूळ १९५०च्या दशकातल्या अमेरिकी संशोधनात सापडते. एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ साली अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे वापरून लहान पेटीतून खोल बास मिळवला. मात्र त्याची किंमत द्यावी लागे: तोच आवाज काढायला अँप्लिफायर अधिक ताकदीचा लागे. क्लॉस यांच्या पुढच्या कंपनीतले भागीदार अँटन हॉफमन हे विख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे पुत्र. त्यांनी हा हिशेब एका नियमात मांडला: लहान पेटी, खोल बास आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. संगणकाचे स्पीकर निवडताना आजवर केलेली प्रत्येक तडजोड याच नियमात बसते.

यावर तोडगा म्हणून २.१ रचना आली. खर्जाचे सूर कोणत्या दिशेने येतात हे कानाला नीट कळत नाही, म्हणून बासची पेटी टेबलाखाली गेली आणि टेबलावर दोन लहान स्पीकर उरले. क्लॉस स्वतः १९८८ साली काढलेल्या केंब्रिज साउंडवर्क्समधून या क्षेत्रात आले. क्रिएटिव्हने ती कंपनी १९९७ साली विकत घेतली.

भारतात घरोघरी संगणक येऊ लागला तो याच सुमारास, आणि एमपीथ्री गाण्यांनी स्पीकरची मागणी वाढवली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली इथे खोक्यांवर ठळक अक्षरांत ‘पीएमपीओ’ म्हणजे क्षणिक कमाल शक्तीचे शेकडो वॉट छापलेले असत. या आकड्याला कोणतेही ठरलेले मोजमाप नव्हते. क्षणार्धाच्या कल्पित उसळीवरून तो काढला जाई. अमेरिकेत १९७४ पासून घरगुती अँप्लिफायरची सलग टिकणारी शक्ती सांगण्याचा नियम होता. इथल्या ग्राहकाला असा आधार नव्हता. खरे उत्तर मात्र जवळच असे: अडॅप्टरवर ९ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलेले असेल, तर स्पीकरला सलग मिळणारी वीज ९ वॉटपेक्षा जास्त असूच शकत नाही. शिवाय वॉट दुप्पट झाले तरी आवाज तीनच डेसिबलनी चढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट शक्ती लागते. म्हणून एका वॉटला एक मीटरवर किती डेसिबल मिळतात, हा आकडा वॉटइतकाच मोलाचा ठरतो.

टिकाऊपणाही काही अंशी याच चुकीच्या आकड्यांशी जोडलेला आहे. लहान अँप्लिफायर शेवटच्या टोकापर्यंत ताणला की लहरींची टोके कापली जातात, आवाज फाटतो आणि वेटोळे तापून जळते. शिवाय शंकूच्या कडेच्या फोमचा दमट हवेत काही वर्षांत भुगा होतो, रबराची कड कितीतरी अधिक टिकते. आवाजाच्या बटणात धूळ गेली की खरखर येते, आणि अँप्लिफायरमधले कपॅसिटर उष्णतेने सुकतात.

सपाट पडद्यांनी चुंबकाच्या टोपीची गरज संपवली. पुढे यूएसबीवर चालणारे स्पीकर आले, पण यूएसबी २.० च्या साध्या पोर्टमधून जेमतेम अडीच वॉट मिळतात. त्यामुळे अलीकडच्या लहान स्पीकरांत हॉफमनची तडजोड चिपच करते: हळू आवाजात ती बास वाढवते आणि आवाज चढवला की शंकू फाटू नये म्हणून तोच बास कमी करत जाते.