कर्णा, पिन आणि फीत : एका अभ्यासाची प्रस्तावना

2022 साली अमेरिकेत सीडीपेक्षा रेकॉर्ड जास्त खपल्या. सुमारे 4 कोटी 10 लाख रेकॉर्ड आणि 3 कोटी 30 लाख सीडी; 1987 नंतर असे पहिल्यांदाच घडले. आपल्याकडच्या रविवारच्या पुरवण्यांतही मग रेकॉर्ड ‘परत आल्या’ची वर्णने येऊ लागली. माहीमचे रेकॉर्डचे दुकान, पुण्याच्या जुन्या बाजारात तबकड्या चाळणारी कॉलेजची मुले, 2024 मध्ये मुंबई परिसरात अनेक दशकांनी पुन्हा सुरू झालेला रेकॉर्ड काढण्याचा कारखाना. हा अभ्यास ज्यांचा आहे ते बारामती आणि इंदापूर तालुके या सगळ्यात कुठे बसतात, असा प्रश्न या विषयात नव्याने येणाऱ्याला पडणारच. माझे उत्तर असे, की बसत नाहीत, आणि म्हणूनच अभ्यासाला या दोन तालुक्यांतून सुरुवात करावी.

शहरी पुनरुज्जीवनाच्या चर्चेत रेकॉर्ड म्हणजे एका माणसाने, एका खोलीत, चांगल्या खुर्चीत बसून ऐकायची वस्तू. कऱ्हा आणि नीरेच्या काठच्या गावांत तिचे हे रूप फार थोड्या घरांत होते: एखादा वाडा, एखादा बागाईतदार, वालचंदनगरसारख्या कारखान्याच्या वसाहतीतले काही बंगले. बाकीच्यांनी रेकॉर्ड ऐकली ती कर्ण्यातून. लग्न, बारसे, जत्रा, निवडणूक, उरूस, काहीही असो, लाऊडस्पीकरवाला बोलवायचा. त्याचे मशीन बहुधा चावीचे, अँप्लिफायर गाडीच्या बॅटरीवर चालणारा, आणि कर्णा लिंबाच्या झाडाला किंवा देवळाच्या शिखराजवळ बांधलेला. गाणे ऐकणाऱ्याच्या मालकीचे नसे. ते भाड्याने येई, गावभर वाजे आणि दुसऱ्या दिवशी पेटीत बसून पुढच्या गावाला जाई.

एवढी एक गोष्ट ध्यानात धरली की संग्राहकांचा सगळा हिशेब उलटा होतो. संग्राहकाला कोरी करकरीत रेकॉर्ड हवी असते. अभ्यासकाने झिजलेली शोधावी.

एखादी मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी उजेडात तिरपी धरून पाहा. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळून ती बनवलेली असते. ही पूड नव्या पिनेचे टोक घासून खोबणीच्या मापाचे करून घेई, म्हणून स्टीलची पिन एका बाजूपुरतीच वापरायची आणि बाजू उलटली की बदलायची, असा कंपनीचा दंडक. पिनांच्या डबीला पैसे पडत, तेव्हा गावोगाव तो किती पाळला गेला असेल ते उघड आहे. बोथट पिनेने आणि जड साउंडबॉक्सने खोबणी खरवडली की काळा तुळतुळीत भाग राखाडी पडतो. जिथे गायकाने आवाज चढवला असेल तिथे आधी. आता तबकडी उलटा. एक बाजू राखाडी आणि दुसरी अजून चकचकीत असेल, तर पेटीच्या मालकाच्या गिऱ्हाइकांना काय हवे होते याचा तो लेखी पुरावाच समजा. कंपनीच्या विक्रीच्या आकड्यांत तो सापडत नाही, कारण दोन्ही बाजू एकाच किमतीला विकल्या जात. लेबलावर शाईने घातलेला नंबर, मालकाचे नाव, विकणाऱ्या दुकानाचा शिक्का, मध्येच गेलेला तडा, हे सगळे वाचायचे असते. आवाज त्यानंतर.

हा माल फिरला कसा, याचा इतिहास ठाऊक असावा. नोव्हेंबर 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण केले. तबकड्या काढल्या गेल्या जर्मनीत, हॅनोव्हरला. म्हणजे आपल्या जंगलातली लाख जहाजाने तिकडे जायची आणि आपलेच गाणे घेऊन परत यायची. त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी गाणारी स्वतःचे नाव सांगते, तेही हॅनोव्हरच्या कारागिरांना कोणाची तबकडी आहे ते कळावे म्हणून. पुढे कलकत्त्यात कारखाना निघाला. मुंबईत 1935 नंतरची दोन दशके ‘यंग इंडिया’ या देशी छापाने नव्या, हौशी कलावंतांना पुष्कळ जागा दिली. पश्चिमेत 1948 साली एलपी आली आणि दहा-बारा वर्षांत 78ची तबकडी मोडीत निघाली. भारतात ती सत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत निघत राहिली. बीटल्सची गाणीसुद्धा इथे 78वर निघाली, आणि आज परदेशी संग्राहक त्या भारतीय तबकड्यांसाठी भरमसाट पैसे मोजतात. कारण साधे आहे. चावीच्या मशीनला वीज लागत नाही, आणि वीज न पोचलेली गावे हे कंपनीचे मोठे गिऱ्हाईक होते.

तेव्हा ‘कालबाह्य’ म्हणताना कोणाच्या काळाबाहेर, हे विचारायची सवय लावून घ्यावी. विजेचा खांब जिथे उशिरा आला तिथे तबकडीचे आयुष्य वाढले.

तीन-सव्वातीन मिनिटांची मर्यादा हा या विषयातला सर्वांत श्रीमंत प्रश्न आहे आणि मराठीत त्यावर झाले आहे त्याहून खूप काम व्हायला हवे. नाट्यपदाचे काय झाले ते थोडेफार लिहिले गेले आहे. बालगंधर्वांच्या रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत लांबणारे पद आणि तबकडीवरचे पद या दोन निराळ्या गोष्टी. लावणीचे काय? शेजारच्या दौंड तालुक्यात चौफुल्याला संगीत बारी चालते. तिथली बैठकीची लावणी समोर बसलेल्याच्या दादेवर वाढते, थांबते, एका ओळीवर अदा करत रेंगाळते. तबकडीत हे काहीच मावत नाही. उरते ते मुखडा, दोन कडवी आणि ठेका. आणि तीच तीन मिनिटांची लावणी कर्ण्यातून इतकी वाजली की पुढच्या पिढीला लावणी म्हणजे तेवढीच वाटू लागली. माझ्या मते माध्यमाने कलेवर केलेला हा मराठी मुलखातला सर्वांत खोल परिणाम आहे. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी चौफुल्याला जाऊन, मग तबकडी ऐकून, आपले म्हणणे मांडावे.

रेकॉर्डचा आवाज डिजिटलपेक्षा ‘उबदार’ असतो की नाही, या वादात मात्र फार वेळ घालवू नये. नव्या रेकॉर्डपैकी बऱ्याचशा डिजिटल मुद्रणावरूनच काढलेल्या असतात. 2022 मध्ये अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या नामांकित कंपनीच्या रेकॉर्डमागेही डिजिटल टप्पा असल्याचे बाहेर आले. तोवर आपण फरक कानाने ओळखतो असे छातीठोक सांगणाऱ्यांची त्या वेळी पंचाईत झाली.

कॅसेटची गोष्ट निराळी. फिलिप्सने ती 1963 साली आणली आणि ऐंशीच्या दशकात टी-सीरिजने तिची किंमत इतकी खाली आणली की एसटी स्टँडवरच्या टपरीत गाणे विकत मिळू लागले. पीटर मॅन्युएल यांचे ‘कॅसेट कल्चर’ हे 1993चे पुस्तक उत्तर भारतावर आहे. मराठी मुलखावर त्या तोडीचे पुस्तक अजून कोणीतरी लिहायचे आहे. त्याला सामग्रीची वाण नाही. वामनदादा कर्डकांच्या परंपरेतली भीमगीते वस्त्यावस्त्यांत पोचली त्यात स्वस्त फितीचा मोठा हात आहे. मोठ्या कंपनीचा दरवाजा न ठोठावता गायन पार्टीला आपली कॅसेट काढता येऊ लागली. तुकोबांची पालखी उंडवडी, बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी या दोन तालुक्यांतून जाते. त्या वाटेवर भजनाच्या कॅसेट, मग सीडी, मग मेमरी कार्ड कसे विकले गेले, याचा नकाशा काढणे हा एका विद्यार्थ्याचा चांगला प्रबंध होईल.

मेमरी कार्ड हा शब्द वाचून दचकू नका. या विषयाची सीमा रेकॉर्डपाशी संपत नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात ‘गाणी भरून देणे’ हा धंदा जोरात होता. चार-दोन दहाच्या नोटांत कार्डभर गाणी मिळत. डेटा स्वस्त झाला आणि तो धंदा इतका झटपट गेला की त्याची पाटीसुद्धा कोणी जपली नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर जे दणाणते त्याला अजून ‘टेप’ म्हणतात, पण आत पेनड्राइव्ह असतो. त्या पेनड्राइव्हवरच्या फोल्डरांची यादी करून ठेवायला कोणी तयार असेल तर तिचे इथे स्वागत आहे. वीस वर्षांनी ती यादी तबकडीइतकीच दुर्मिळ होईल.

आणि मागे जायचे तर पार जात्यापर्यंत जावे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी सहकाऱ्यांसह हजारावर गावांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी नव्वदच्या दशकात त्यांचे ध्वनिमुद्रण हाती घेतले. आता ‘परी’ या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात, त्यांत इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीच्याही आहेत. पिठाची गिरणी आली आणि ओवीचे यंत्र गेले, असे मी म्हणतो. ओवीची ओळ कुठे तुटते आणि कुठे वळते हे दगडाच्या फेऱ्याने ठरत असे. म्हणून ती ओवी फितीवर घेणे म्हणजे एका माध्यमातून दुसऱ्यात नेणे, आणि अशा प्रत्येक नेण्यात काही सांडते. मोरोपंतांच्या बारामतीला हे नवे नाही. पंतांच्या आर्या हातच्या पोथ्यांतून कीर्तनकाराच्या तोंडी आल्या आणि एकोणिसाव्या शतकात छापखान्यात गेल्या.

या वाटेवर आधी चाललेली माणसे आहेत. मुंबईत 1990 साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर यांनी तिचे काम आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक वर्षानुवर्षे सांभाळले. ‘यंग इंडिया’च्या तबकड्यांचे डिजिटल जतन ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून झाले. तंबूतल्या फिरत्या सिनेमावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ 2016 साली कानला दाखवला गेला. जत्रेतला प्रोजेक्टर दुरुस्त करणारा माणूस त्यात अवश्य पाहावा. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. लाऊडस्पीकरवाल्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात नोंदवायला याहून जवळची जागा नाही.

उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांमधून उठताना लोकांनी काय नेले आणि काय टाकले, हेही कोणीतरी विचारायला हवे. जी माणसे हे सांगू शकतात ती आता वयाने फार मोठी आहेत.

नव्याने येणाऱ्यांना कामाच्या दोन-चार गोष्टी सांगून थांबतो. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख विरघळते. एलपीच्या बारीक सुईने 78 वाजवू नका, खोबणी रुंद असते. तबकड्या उभ्या ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली आडव्या रचलेला ढीग वाकतो. कॅसेट वाजवण्याआधी एकदा हाताने फिरवून पाहा, फीत चिकटलेली असू शकते. लेबलावरचा शाईचा नंबर घाण समजून खोडू नका. आणि कोणाच्या माळ्यावरची पेटी उघडली, तर गाण्याचे नाव लिहिण्याआधी ती कोणाची, कोणत्या गावची आणि कुठे कुठे वाजली ते विचारून लिहून घ्या. तुमच्याकडे अशी पेटी असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी आम्हाला मारा.