उंदीरमामा, सुरतचा प्लेग आणि आमची आजी

सप्टेंबर १९९४. गणपती विसर्जन झालं न झालं तोच सुरतेत प्लेगची बातमी फुटली. लाखो माणसं शहर सोडून निघाली, त्यात आपले खानदेशी कितीतरी.

आम्ही इच्छापोरला, हजिरा रस्त्यावर. गल्लीत जो तो उंदीर मारायचं औषध शोधत होता. आजी म्हणाली, "मारत काय बसता? त्याला खायला ठेवू नका, शिरायला जागा ठेवू नका." आम्हाला वाटलं, बाप्पाच्या वाहनाची भक्ती! पण शास्त्र तिच्याच बाजूचं. प्लेग येतो उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे. उंदीर मेला की त्या नवं अंग शोधतात, म्हणून साथीत आधी पिसवा आवरायच्या, मग उंदीर.

मग धान्य पत्र्याच्या कोठीत गेलं, रात्रीचं खरकटं बंद, मोरीला जाळी, दाराखाली पत्र्याची पट्टी. पेन्सिलीएवढ्या फटीतूनही छोटा उंदीर शिरतो, त्यामुळे भोकात तारेची घासणी कोंबून वर सिमेंट. (हल्लीची ती चिकट पाटी मला तर बघवत नाही. तासन् तास तडफडतो बिचारा.)

१९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त झाले आणि सुरतेनंही तेच केलं, फक्त शहराएवढं: कचरा रोज उचलायचा, उघडं खाणं विकू द्यायचं नाही. ज्या शहराला लोक नाक मुरडत, ते देशातल्या स्वच्छ शहरांत मोजलं जाऊ लागलं.

पिंजऱ्यात एखादा सापडलाच तर बाबा सायकलवरून पडीक रानात सोडून यायचे. तो परत यायचा की काय, देव जाणे; पण फटी बुजल्यावर माळ्यावरची खुडबुड थांबली ती थांबलीच.